आमच्या चूपबोंड्याचं बारसं

गोष्टींचं असं आहे, एक सांगायला घ्यावी तर तिच्या शेपटाला धरून दुसरी येतेच. मी सांगतोय, नात लिहून घेतेय. म्हणून सावकाश.

स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झालेली. कल्याणात मंगळूरकडच्या एका अण्णांचं छोटं हॉटेल होतं, मी तिथं तळणीवर. अण्णांनी आपल्या मुलखातून आणलेला पदार्थ म्हणजे उडदाचा बोंडा. वरून शांत, आत निखारा! पाटीवर 'उडीद बोंडा', पण गिऱ्हाईक ओरडायचं, "अण्णा, दोन चूप, एक चहा!"

हे 'चूप' आलं कुठून, यावर बाहेरच्या बाकावर रोज वाद. दर रविवारी माझे सासरेही तिथं येऊन बसत. खरी गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्यांनी तोंड उघडलं तर माझी चारचौघांत शोभा! शिवाय आत चटणी वाटणाऱ्या आमच्या हिला त्यातलं काही ठाऊक नाही, अशी माझी समजूत.

बाबू टांगेवाला म्हणायचा, "माझ्या घोड्यावर कुत्रं भुंकायचं. एक बोंडा फेकला, चूप! तेव्हापासूनचं नाव."

अरे, पण दुसऱ्या दिवशी सात कुत्री आली! आणि घोडा बोंड्याशिवाय पाऊल उचलेना!

शाळेतले गुरुजी म्हणायचे, "छे! आमच्याकडे इन्स्पेक्टर आलेले. पहिला प्रश्न विचारणार, तेवढ्यात मी बोंडा पुढे केला. तासभर नुसतं फू फू. शाळा पास!"

"आणि पोरं काय शिकली?" बाबू विचारायचा.

"फुंकर मारायला!"

वसईहून केळी घेऊन येणारे पास्कूमामा सांगायचे, "आमच्या लग्नात बाजावाल्यानं तीन खाल्ले. पिपाणीतून आवाजच येईना! चर्चपासून घरापर्यंत वरात मुकी. लोकांना वाटलं मयत चाललंय, टोप्या काढल्या रे!"

मी आपला पुढचा घाणा तळायला घ्यायचो.

खरं असं, की सासरे मला बघायला हॉटेलातच आलेले. शाळेचं तोंड न पाहिलेला जावई त्यांना नको होता. "हे बघा, आमचा विचार..." एवढं बोलले आणि मी घाबरून समोर ठेवलेला बोंडा अख्खा त्यांच्या तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी, मान वरखाली! मध्यस्थ ओरडला, "मान हलवली! साखर वाटा!" वाटली. मग माघार कोण घेणार? अण्णांनी त्याच दिवशी बोंड्याचं बारसं केलं, 'चूप'!

एका रविवारी बाबूनं थेट सासऱ्यांनाच विचारलं, "मामा, तुम्ही सांगा ना खरं काय ते!"

माझा झारा कढईवरच थांबला.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "सगळे खोटं बोलताय. त्या दिवशी मी ह्या माणसाला..."

आमची ही आत चटणी वाटत होती. हात पुसत बाहेर आली, माझ्या झाऱ्यावरचा बोंडा उचलला आणि त्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, आधी आ करा!"