दादा येईपर्यंत

ती घटना माझ्या मनातून गेलेली नाही, आणि ती जावी असा प्रयत्नही मी कधी केला नाही. पोलीस सेवा मी फार लवकर, स्वेच्छेने सोडली. निवृत्त अधिकाऱ्यांकडे असतो तसा शंभर प्रकरणांचा साठा माझ्याकडे नाही. सांगावे असे एकच आहे. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षे लोटली होती. उरलेल्या भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. शिक्षण रसायनशास्त्राचे, त्यातही विषांच्या विश्लेषणाचा विशेष अभ्यास. ठाण्यात येणारी प्रकरणे मात्र धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या भांडणांची, तलावातल्या मासेमारीच्या हद्दीची आणि महामार्गावरच्या अपघातांची. आपल्या ज्ञानाला साजेसा एखादा गुन्हा मिळावा असे मला वाटत असे. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण ते खरे आहे.

डिसेंबरातल्या एका सकाळी ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. एकोडीच्या बाजूच्या एका गावात एक म्हातारी दोन दिवस उलट्या करून मेली, मोठा मुलगा विदेशात फिरायला गेला आहे, त्याला न कळवताच धाकट्याने घाईघाईने माती देऊन टाकली, एवढेच तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी स्टेशन डायरीत नोंद केली. उलट्या, घाई आणि लपवाछपवी हे तीन शब्द माझ्या वहीत एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याभोवती चौकट काढली.

कुटुंब साधे होते. थोरला निवृत्त शिक्षक, साकोलीत घर करून राहणारा. धाकटा गावात धानाची शेती करणारा. आई त्याच्याकडेच असे. थोरला आणि त्याची पत्नी बौद्ध उपासकांच्या एका गटाबरोबर दहा दिवस श्रीलंकेला गेले होते. अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा आणि शेवटचे सहा दिवस समुद्रकिनारी काढायचे, असा बेत होता. त्यांच्या घराण्यात विमानात बसलेले हे पहिलेच दोघे.

मी धाकट्याच्या घरी पोहोचले तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते. ओसरीवर धाकट्याला प्रश्न विचारत असतानाच त्याचा मोबाइल वाजला. त्याने माझ्याकडे हात जोडले आणि फोन उचलला.

"हाव दादा, जेवली. भात खाल्ला, वरण खाल्लं. आता निजली हाये." मग थोडे थांबून तो म्हणाला, "माय म्हणे, थंडी लय पडली, स्वेटर घालजो."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. तिकडे थंडी नव्हती.

माझ्या दृष्टीने तपास त्या क्षणी जवळजवळ संपला. खोटे बोलणारा माणूस अडखळतो, असे प्रशिक्षणात शिकवले होते. हा अडखळला नाही. मेलेल्या आईच्या तोंडी त्याने निरोपसुद्धा घातला. इतक्या थंड डोक्याचा माणूस काहीही करू शकेल, असे मी त्या ओसरीवर ठरवून टाकले.

परतताना जीपमध्ये आमचे जुने हवालदार म्हणाले की या भागात परगावी असलेल्या माणसाला मरण फोनवर सांगत नाहीत. तब्येत जास्त आहे म्हणून बोलावतात आणि दारात आल्यावर सांगतात. मी विचारले, मग तब्येत जास्त आहे असे तरी कळवायचे होते. ते म्हणाले, "मॅडम, गाडीत बसलेला माणूस मधल्या स्टेशनावर उतरून माघारी येते. विमानातला कुठं उतरंल जी?" मी हसले नाही. मी तहसीलदारांच्या नावाने पत्र तयार करत होते: मृतदेह बाहेर काढून शवविच्छेदन करण्यास परवानगी मिळावी.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला ठाण्यात बोलावले. सकाळी दहापासून दुपारपर्यंत चौकशी चालली. मी आवाज चढवला नाही; त्याची गरज नसते. एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारायचा आणि उत्तरे ताडून पाहायची. तो बहुतेक सगळ्याची नीट उत्तरे देत होता. दवाखान्यात का नेले नाही, एवढ्या एका प्रश्नाला मात्र तो दर वेळी खाली पाहायचा. शेवटी म्हणाला, "परवा दुपारी येते तो. दारात आला का मीच सांगतो त्याले. मंग तुम्ही मले आत टाका. तवर त्याले फोन नोका करू."

संशयिताची ही विनंती मी त्याच्याविरुद्धचा पुरावा मानली. त्याच्या मोबाइलमधून नंबर घेतला आणि त्याच्या समोर फोन लावला.

पलीकडे वारा होता, लोकांचा गलका होता. मी पदासह नाव सांगितले आणि शिरस्त्याप्रमाणे विचारले, की आईच्या संशयास्पद मृत्यूच्या तपासासंदर्भात मला जाणून घ्यायचे आहे, धाकट्या भावाचे आईशी संबंध कसे होते?

मग त्या शिक्षकाने अगदी शांतपणे विचारले, "कोणाच्या आईच्या?"

टेबलापलीकडे धाकट्याने डोळे मिटून घेतले होते.

तहसीलदारांचा आदेश दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाती आला, म्हणून मृतदेह बाहेर काढण्याचे काम तिसऱ्या दिवशी झाले. थोरला परतणार होता त्याच दिवशी; त्याला आधीचे विमान मिळाले नव्हते. तलावाच्या पाळीखालच्या दफनाच्या जागेत पंचांसमक्ष माती काढली. थंडीमुळे देह बराच टिकला होता. कापडाच्या आडोशाला डॉक्टरांचे काम सुरू असतानाच भाड्याची गाडी येऊन थांबली. थोरला उतरला. अंगात प्रवासाचे कपडे, नाक उन्हाने सोललेले. त्याची पत्नी गाडीतच बसून राहिली. तो खड्ड्याच्या कडेपर्यंत आला आणि भावाकडे न पाहता माझ्या शेजारी उभा राहिला. मोठ्या मुलाने आपल्या आईला सहलीहून परतून असे पाहिले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. जांघेतला जुना हर्निया, त्यात अडकलेले आतडे, काळे पडलेले. विष वाटावे असे काही नाही. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, तपासायला पाठवू, पण मरणाचे कारण समोरच आहे, असे ते म्हणाले. बाईने लाजेने वर्षानुवर्षे ते दुखणे कोणाला दाखवले नसावे.

मी दोघा भावांना हे सांगितले, तेव्हा धाकटा पहिल्यांदा मोकळा बोलला. आईला दोन्ही दिवस तो दवाखान्यात चल म्हणत होता. ती खाटेची पाटी धरून बसायची. भंडाऱ्याला नेले म्हणजे ऑपरेशन, ऑपरेशन म्हणजे मोठ्याला फोन, आणि फोन केला की तो अर्ध्यातून परत येणार. "मले म्हणे, त्यानं साऱ्या जन्मात समुद्र नाही पाह्यला. दादा येईपर्यंत मी दिवस काढतो म्हणे. माही शपथ घातली तिनं. मी आयकलं तिचं, दादा."

थोरला माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकलेल्या आहात. पहिल्याच दिवशी नेलं असतं तर वाचली असती?"

खोटे बोलायला मला एका वाक्याची गरज होती. "सांगता येत नाही" म्हटले असते तरी चालले असते; या वयात शस्त्रक्रियेचा भरवसा कोणीच देत नाही. पण मी नेमके उत्तर देण्यासाठी घडले होते. मी म्हणाले, "हो, शक्यता बरीच होती."

तेव्हा तो भावाला म्हणाला, "रोज बोललो मी तुझ्याशी. रोज." त्यानंतर त्या दोघांत एकही शब्द झाला नाही, हे मला पुढे गावाकडून कळत राहिले.

थोरल्याचा जबाब मी दोन दिवसांनी साकोलीत त्याच्या घरी घेतला. बॅगा उघडलेल्या नव्हत्या. कालक्रम स्पष्ट व्हावा म्हणून मी एक तक्ता केला होता: डावीकडे घर, उजवीकडे सहल. डावीकडे पहिली उलटी, उजवीकडे बोधिवृक्षाचे दर्शन. डावीकडे दुसरा दिवस, पोट फुगले. उजवीकडे समुद्रकिनाऱ्याला पोहोचले. डावीकडे मृत्यू, दफन. उजवीकडे काय लिहायचे, म्हणून मी विचारले. तो म्हणाला की त्या सकाळी तो गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला होता, लाटेने पाडले, तोंडात खारट पाणी गेले आणि तो लहान पोरासारखा हसला. पत्नीने त्याचा व्हिडिओ भावाला पाठवला होता. "त्यानं उत्तर पाठवलं, मस्त." मी तेही लिहून घेतले. त्याने प्रत्येक पानावर स्वच्छ अक्षरात सही केली.

व्हिसेराचा अहवाल काही महिन्यांनी आला. विष आढळले नाही. अकस्मात मृत्यूचे प्रकरण नैसर्गिक मरण म्हणून निकाली निघाले. वरिष्ठांनी कागदपत्रांचे कौतुक केले, विशेषतः तक्त्याचे.

अहवालाची प्रत घ्यायला धाकटा ठाण्यात आला. बराच खंगला होता. मला वाटले, आता तो मला जाब विचारेल, आणि मी उत्तराची तयारीही ठेवली होती. कागद न वाचताच घडी करून खिशात घालत तो म्हणाला, "मॅडम, एखादं कलम लावता येईन का मले?"

मी विचारले, कशासाठी?

"सजा भोगून आलो का दादा बोलंल माझ्यासंगं. मायले नाही नेलं दवाखान्यात, त्याचं काहीतरी असन ना तुमच्या पुस्तकात."

मी त्याला बसायला सांगितले आणि खरोखरच पुस्तक काढून पाहिले. आईच्या शपथेला मान देणाऱ्या मुलासाठी त्यात काही नव्हते. मी तसे सांगितले. तो "बरं जी" म्हणाला, जयभीम केला आणि गेला.

तपास म्हणजे सत्य शोधणे, असे मी मानत होते. या प्रकरणात मी शोधलेले प्रत्येक सत्य बरोबर होते. मी ते बाहेर काढले नसते, तर थोरला परतीच्या दिवशी दारात उभा राहिला असता आणि धाकट्याने त्याला धरून रडत रडत सांगितले असते. किती सांगितले असते आणि किती पोटात ठेवले असते, ते त्याने ठरवले असते. तो अधिकार त्याचा होता. तो मी ठाण्याच्या टेबलावर, शिरस्त्याप्रमाणे, त्याच्या समोर काढून घेतला. त्याला परत देता येईल असे माझ्याकडे काहीच उरले नव्हते. त्याने मागितलेली शिक्षासुद्धा नाही.