‘छान’ नको, सूर सांगा

‘छान’ या शब्दावर माझा राग आहे. भाजीला म्हणा, नव्या शर्टाला म्हणा, माझी काही हरकत नाही. पण वाजवणाऱ्या माणसाला नुसतं छान म्हणणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं. सत्तरच्या दशकात मी नागपुरात बास ट्रॉम्बोन वाजवायला शिकत होतो, तेव्हा मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की माझा सूर लागतो का आणि माझा आवाज ऐकण्याजोगा आहे का. ज्याला विचारावं तो छान म्हणायचा आणि चहा मागवायचा.

मी सरकारी कचेरीत कारकून होतो. कचेरीच्या क्लबात कॅरम होता, एक फाटकं व्हॉलीबॉलचं जाळं होतं, आणि एका वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की आपला बॅण्ड असावा. कामठीच्या छावणीतून मोडीत निघालेली वाद्यं खटपट करून आणली गेली. क्लॅरिनेट, कॉर्नेट, युफोनियम यांवर लोक तुटून पडले. मी त्या दिवशी फायली घेऊन उशिरा पोचलो, तोवर पेटाऱ्याच्या तळाशी एकच लांबलचक काळी पेटी उरली होती. आत पितळेचा बास ट्रॉम्बोन निजलेला होता. कोणीतरी म्हणालं, “उंच मानसाले देऊन टाका,” आणि तो माझा झाला.

या वाद्याला बटणं नसतात. एक नळी दुसऱ्या नळीवर पुढेमागे सरकवायची, आणि ती जिथे थांबेल तो सूर. माझा ट्रॉम्बोन इतका लांब होता की शेवटच्या सुरापर्यंत माणसाचा हातच पोचत नाही, म्हणून सरकत्या नळीला एक लाकडी मूठ जोडलेली होती. ती मूठ धरून नळी पुढे ढकलली की समोरच्या माणसाने बाजूला व्हावं हे उत्तम. बॅण्डमध्ये त्याची जागा सगळ्यात खाली. वरचे लोक गाणं वाजवतात, आपण त्यांच्या पायाखालची जमीन वाजवायची. मला ते फार आवडलं. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या प्रेमात पडलो होतो, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

आम्हाला शिकवायला पलटणीच्या बॅण्डमधून निवृत्त झालेले एक मास्तर कामठीहून यायचे. मोजकं बोलणारा माणूस. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तालीम संपली आणि त्यांनी मला थांबवलं.

“बाबू, सव्वीस जानेवारीले आपल्याले मैदानात वाजवाचं हाय. तोवर तुयं जमलं त ठीक. नाई त तू मोठा ढोल घे. उंच हायेस, शोभून दिसशीन.”

“चुकते काय जी, मास्तर?”

“कान तुया हाय. मले काहून विचारतं?” एवढं बोलून ते सायकलवर बसले आणि गेले.

ढोल काही कमी नाही. पण ज्याच्यावर जीव जडला ते सोडून शोभून दिसायला मला ढोल घ्यायचा नव्हता. म्हणून मी ज्याला त्याला विचारत सुटलो. कचेरीतले सोबती म्हणाले, छान. नंदनवनातले आमचे शेजारी म्हणाले, छान वाजवता, पण जरा दुपारची झोप झाल्यावर वाजवा. बायको पेटीवर भजनं म्हणायची, तिला सुराची जाण होती, तीही पदराने ओट्यावरचं पाणी पुसत म्हणाली, “छानच त हाय.”

यात त्या लोकांचा तरी काय दोष? आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. नंदनवनात राहायला आलो तरी वडिलांचा माग पुढच्या खोलीत होताच. आमच्या घरची रीत अशी की लुगडं मागावर असेपर्यंत त्याला कोणी नाव ठेवायचं नाही. काठ वाकडा जात असला तरी बघणाऱ्याने चांगलं होऊन राहिलं म्हणायचं. विणणाऱ्याचा हात बिचकला तर पुढचं सगळंच बिघडतं. कापड मागावरून उतरलं की मग काय ते बोला. वडिलांना मी विचारलं तेव्हा त्यांनी हातातला धोटा थांबवलासुद्धा नाही.

“चांगलं होऊन राहिलं,” ते म्हणाले.

“बाबा, खरं सांगा ना गा.”

“अजून मागावर हाय तुयं. मी काय सांगू?”

मग मी ठरवलं की कोणाच्या तोंडाकडे बघायचंच नाही, सूर मोजूनच काढायचा. विणकराच्या पोराला मोजायचं म्हटलं की सूत आठवतं. लुगडं कुठवर आलं ते कळावं म्हणून वडील ताण्याला रंगीत दोरा बांधायचे. मी बांबूची एक पातळ कामटी तासली आणि ट्रॉम्बोनच्या न हलणाऱ्या भागाला, सरकत्या नळीच्या शेजारून, पक्की बांधली. बायकोच्या पेटीचे सूर एकेक करून धरले आणि नळी जिथे थांबली तिथे कामटीवर दोरा गुंडाळला. लाल, पिवळा, हिरवा, जांभळा. आता चूक व्हायचं कारणच उरलं नव्हतं. नळी लाल दोऱ्यापर्यंत नेली की तो सूर, हिरव्यापर्यंत नेली की हा. आपल्या अकलेवर मी इतका खूश होतो की दुसऱ्या दिवशी कचेरीत हिशेबाच्या दोन चुका केल्या आणि साहेबांकडे हसत बघितलं.

तालमीला मी ते रंगीबेरंगी वाद्य मिरवत घेऊन गेलो. संचलनाची धून सुरू झाली. मी डोळे कामटीवर रोखून लाल, हिरवा, लाल, जांभळा असा अगदी नेमका वाजवत होतो. थोड्या वेळाने शेजारचा युफोनियमवाला माझ्याकडे बघायला लागला. मग कॉर्नेटवाले मागे वळले. मास्तरांनी हात वर केला आणि बॅण्ड थांबला.

“हे काय बांधून ठेवलं गा?”

मी समजावून सांगितलं. सगळा बॅण्ड हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कामटी हातात धरून नीट बघितली, गाठ चांगली आहे म्हणाले, आणि मग ती सोडून माझ्या हातात दिली.

“डोये मिट आता. अन् वाजव.”

मी डोळे मिटले आणि वाजवलं. जे काही निघालं ते माझं मलाच ऐकवेना.

“तू डोयानं वाजवून राहिला, बाबू,” मास्तर म्हणाले. मी त्यांना एवढं बोलताना आजवर ऐकलं नव्हतं. “सूर काय एका जागी बसून राहते का? हे सरकती नयी एकाच जागी ठेव, खालचा सूर बरोबर येईन अन् वरचा उतरन. थंडीत पितळ उतरते, गर्मीत चढते. हा बाजूचा युफोनियमवाला जरासा चढला त तुले बी त्याच्यासंग जा लागते. तुया दोरा जाईन का त्याच्यासंग?”

“अन् आवाज, मास्तर?”

“रिकामं टीन वाजल्यासारखा. गाल फुगवून फुंका मारतं तू. गाल आवर. पोटातून श्वास सोड, सावकाश. रोज सकाळी एकच सूर लांब धरत जा, दुसरं काई नको.”

सगळ्यांसमोर झालेली ही शोभा. पण खरं सांगतो, माझ्या अंगात आनंद मावत नव्हता. अखेर एका माणसाने मला सांगितलं होतं! सूर चुकतो आणि तो का चुकतो, आवाज वाईट आहे आणि तो कशाने वाईट आहे. सोडलेली कामटी सायकलच्या कॅरियरला लावून मी घरी गेलो तो गाणं म्हणतच. बायकोला वाटलं, मला बढती मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सक्करदऱ्याच्या तलावावर जाऊ लागलो. काठावर उभं राहायचं, गाल आवळायचे, आणि एकच सूर श्वास संपेपर्यंत धरायचा. पहिले काही दिवस टीनच वाजलं. कपडे धुणाऱ्या बाया आधी दचकल्या, मग सरावल्या. हळूहळू त्या आवाजाला बूड यायला लागलं. एका सकाळी सूर ओठांतून निघून थेट छातीत घुमला आणि मी घाबरून थांबलो, की हे वाजवलं कोणी? मीच वाजवलं होतं. मग तोच सूर मी पुन्हा पुन्हा वाजवला आणि कचेरीला उशिरा पोचलो.

आवाजाचं मार्गी लागलं, आता सुराचं. घरी मी बायकोला पेटी काढायला लावली आणि सांगितलं, “तू एक सूर दाबून धर. मी डोळे मिटून तोच सूर शोधतो. मी वर असलो तर वर म्हण, खाली असलो तर खाली म्हण. छान म्हणायचं नाही.”

“तुमाले वाईट वाटन.”

“वाटू दे.”

“मंग मांगून मले बोलाचं नाई.”

एवढा करार झाल्यावर तिने जी जीभ सोडली, तिची मला आजवर कल्पना नव्हती. “वर. अजून वर. आता खाली या. खाली. अवं माय, किती खाली, विहिरीत चालले का? या वर. जरासं. जरासंच म्हनलं न जी, झाडावर काहून चढता?” इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं सगळं ती माझ्या सुराच्या निमित्ताने मोकळं करत असावी. मी डोळे मिटून नळी केसभर पुढे, केसभर मागे करत राहायचो. सूर जवळ आला की पेटी आणि ट्रॉम्बोन यांच्या मध्ये एक थरथर उठायची. आणखी जवळ गेलं की ती सावकाश व्हायची. तिच्या मागे मागे जायचं हे मला कळलं तेव्हापासून बायकोचं ओरडणं कमी झालं.

आणि एका संध्याकाळी ती थरथर थांबली. एकदम, पूर्ण. दोन वाद्यांचा एकच आवाज झाला. फळीवरची स्टीलची भांडी आपोआप किणकिणायला लागली. मी डोळे उघडले तर बायको पेटीचा भाता हलवत माझ्याकडे बघत होती. पुढच्या खोलीतला माग बंद पडला होता. वडील दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना बघून वाजवायचं थांबवलं.

“काहून थांबला गा?” ते म्हणाले. “वाजव.”

मी वाजवलं. ते दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिले, आणि लुगडं मागावर तसंच अर्धं राहिलं. मला रडू आलं. ट्रॉम्बोन वाजवताना रडता येत नाही, सूर हलतो, म्हणून मी ते गिळलं आणि सूर धरून ठेवला.

तालमीत मास्तर मात्र काही बोलेनात. वाईट नाही, चांगलं नाही. ढोल कोपऱ्यात कापडाखाली होता आणि तो कोणाला द्यायचा हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. मी रोज आत शिरताना आधी त्या कोपऱ्याकडे बघायचो.

सव्वीस जानेवारीला सकाळी आम्ही मैदानावर जमलो तेव्हा नागपूरची थंडी चांगलीच बोचत होती. ढोल दप्तरखान्यातल्या एका जाड्या माणसाच्या गळ्यात होता. मला बरं वाटलं, पण विश्वास बसला नाही, कारण मास्तर ऐन वेळी काहीही करू शकत. झेंड्याजवळ खुर्च्या भरत होत्या. माझी बायको आणि वडील दोरीपलीकडच्या गर्दीत होते. वडिलांनी धुतलेली टोपी घातली होती.

वाजवण्याआधी सूर जुळवायचा असतो. एरवी पहिला क्लॅरिनेटवाला सूर द्यायचा आणि बाकीचे त्याला मिळवायचे. त्या सकाळी त्याची बोटं गारठली होती आणि वाद्य त्याहून गारठलं होतं. त्याने सूर दिला, तो हलला. पुन्हा दिला, पुन्हा हलला. कॉर्नेट एकीकडे, युफोनियम दुसरीकडे, असा सगळा बाजार झाला. खुर्च्यांवरचे साहेब माना वळवून बघायला लागले. मास्तरांनी हात वर केला. सगळे गप्प झाले.

मास्तर रांगेसमोरून चालत आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. आता ढोल, असं माझ्या मनात आलंच.

“बाबू,” ते म्हणाले, “तू दे.”

मी डोळे मिटले. पोटातून श्वास सोडला. सूर निघाला, सगळ्यात खालचा, जाड आणि स्थिर, आणि मैदानावर पसरत गेला. मी डोळे उघडले नाहीत. मग मास्तरांचा आवाज आला, पलटणीतला, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा.

“सगळे याच्यावर मियवा!”

आधी शेजारचा युफोनियम आला. त्याची थरथर माझ्या सुराशी थोडी झटली आणि विरून गेली. मग कॉर्नेट आले, एकामागून एक. शेवटी तो गारठलेला क्लॅरिनेटवाला आला, वरून, सावकाश. श्वास घ्यायचा आणि पुन्हा तोच सूर धरायचा, एवढंच माझं काम होतं. मी कोणाकडे गेलो नाही. सगळा बॅण्ड माझ्याकडे आला.