जांभळ्या कापडाआड

ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात, ज्याला गावात सारे लेंट म्हणतात, शेवटचे दोन आठवडे क्रूस व पवित्र प्रतिमा जांभळ्या वस्त्राने झाकण्याची आमच्यात जुनी प्रथा. ऐंशीच्या दशकात भुईगावातून ती जवळजवळ लोपली होती. धर्मगुरूही तिचा आग्रह धरीत नसत. म्हणून त्या वर्षी धाकट्या भावाकडे शिडी मागायला गेलो असता आतल्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीवर जांभळे कापड दिसले, तेव्हा मला भरून आले. ती तसबीर आईवडिलांची. तिच्यासमोर आमची रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना होत असे. खोलीची डागडुजी चालली आहे असे सांगून भावाने काही महिन्यांपूर्वी ती प्रार्थना शेजारच्या माझ्या घरी हलवली होती.

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात मी चारचौघांत त्याची वाहवा केली. धर्म विसरत चाललेल्या काळात एका घराने तरी प्रथा जपली, असे म्हणालो. एक शेजारी खो-खो हसला.

“मास्तर, ते कापड लेंटचं नाय, शनिवारचं हाय! मुंबईची बिनलग्नाची जोडपी येतात ना भाड्यानं राहायला!”

सगळे हसले. माणिकपूरच्या शाळेत संस्कृत शिकवणारा मी. माझ्या घरापासून वीस पावलांवर काय चालले होते, ते मला सोडून साऱ्या गावाला ठाऊक होते.

तडक भावाकडे गेलो. तो ओटीवर चादरींच्या घड्या घालीत होता.

“कापड त्या लोकांनी मागितलं?”

“नाय रे दादा. त्यांचं लक्षच नसतं तिकडे. मलाच बरं वाटेना.”

“म्हणजे तुला कळतं!”

“काय कळतं? दोघं सज्ञान. कायदा काय बोलत नाय, मी कोण बोलणारा? पाहुणे आहेत.”

“पाहुणे? नाव तरी विचारलंस कधी?”

“नाव विचारायचं नाय, तीच तर अट!” तो हसला, आणि लगेच त्याचा चेहरा कठोर झाला. “विहिरीचं पाणी मचूळ झालं, पानवेली जळाल्या. तुझा पगार पहिल्या तारखेला येतो. आमच्या वेलींना काय तुझं संस्कृत घालू?”

त्याची अडचण खोटी नव्हती, हे मी तेव्हाही जाणत होतो. परंतु आज इतक्या वर्षांनीही माझा संताप ओसरलेला नाही. ज्या युगाने ‘ज्याची त्याची मर्जी’ या तीन शब्दांत सारी नीती गुंडाळली, त्या युगाशी मी भांडेन. ते युग निदान आपली श्रद्धा आहे असे सोंग करीत नाही. माझ्या भावाची श्रद्धा होती. पाप त्याला दिसत होते, म्हणूनच त्याने ख्रिस्ताचे डोळे झाकले. लज्जा शाबूत ठेवून तिच्या तोंडात बोळा कोंबणे, हे मला निर्लज्जपणाहून हीन वाटते.

“खोली बंद कर, नाहीतर तसबीर उघडी ठेव,” मी बजावले. “दोन्ही चालणार नाही.”

बुधवारी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर घेऊन माझ्या दारात उभा राहिला. “घे. तुझ्याकडे शोभेल.”

आणि मी ती घेतली. आपण जिंकलो, असे क्षणभर वाटलेही. ‘परत ने, तिथेच टांग’ एवढे शब्द मला सुचले नाहीत. त्या खोलीत त्याला बोचणारी एकच वस्तू होती. ती माझ्याच हट्टाने बाहेर आली. तेव्हापासून माझ्या संतापाचा अर्धा वाटा माझ्याकडेच वळतो.

ईस्टरनंतर खोली उघड-उघड चालू लागली. शनिवारी सायंकाळी भावाची पत्नी आमच्याकडे रोझरीला येई. जमिनीवर, अगदी दाराजवळ बसे. जपमाळेच्या पाच रहस्यांपैकी चौथे संपले की डोक्यावरचा पदर सावरून ती हळूच उठे. पहिल्या दिवशी माझ्या पत्नीने खुणेने तिला थांबायला सांगितले.

“नको जाऊबाई,” ती पुटपुटली, “पाहुण्यांचा चहा राहिलाय.”