शेऱ्याचा रकाना

"रेकॉर्डला आहे का?" असं विचारताना बडेबाबू चष्मा कपाळावर चढवत आणि समोरच्याकडे रोखून पाहत. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस धड दिसत नसे, त्यामुळे ते रोखून पाहणं निव्वळ शिस्तीसाठी होतं. मुलीला ताप आहे, आज लवकर जाते, असं मी सांगितलं तरी पहिला प्रश्न तोच. मग स्वतःच ओशाळून म्हणायचे, "जा ताई, जा. अर्ज उद्या द्या."

बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. बुऱ्हाणपुरात लायसन काढायचं तर तेव्हा आमच्याच ऑफिसची पायरी चढावी लागे. मी खिडकीवर बसायचे आणि ते माझ्या मागच्या टेबलावर. चाचणीच्या दिवशी अंगणात चुन्याने इंग्रजी आठ आखला जाई. साहेब खुर्चीवर फोन घेऊन बसत आणि उन्हात छत्री धरून खरं पाहत ते बडेबाबू. त्यांना स्वतःला मात्र काहीच चालवता येत नव्हतं. गावातल्याच राजपुऱ्यातून ऑफिसला सायकलने येत, आणि चढ आला की उतरून तीही हातात धरून चालत. उंटावरून शेळ्या हाकतात, असं लोक मागे म्हणत. मी म्हणायचे, उंट कुठला, हे तर सायकलवरून ट्रक हाकतात.

त्यांचं खरं राज्य होतं रजिस्टरात. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, वाहन आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात इतर ठिकाणी 'पास' लिहून मोकळे होतात. बडेबाबू तिथे माणूस लिहीत. एकापुढे लिहिलं होतं, 'आठ नीट काढला. कोणी पाहत नसताना काढेल का, शंका आहे.' दुसऱ्यापुढे, 'मागे बायको बसली तरच सावकाश.' बुधवाऱ्यातल्या एका कापडवाल्यापुढे, 'ब्रेकपेक्षा देवावर भरवसा जास्त.' बाकी सगळं रजिस्टर हिंदीत आणि शेरा तेवढा मराठीत. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "हिंदीत सरकारचं लिहितो, ताई. हे आपलं."

प्रत्येक नोंदीखाली दोन सह्या लागत. एक त्यांची आणि 'तपासले' या शब्दापुढे माझी. माझ्या स्कूटीच्या लायसनपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'वळताना हात दाखवते, पण वळून झाल्यावर.' त्याखालीही 'तपासले'पुढे मलाच सही करावी लागली. करणार काय, खरंच होतं ते.

मग एक दिवस हुकूम आला. लायसनचं काम आमच्याकडून काढून दुसऱ्या खात्याच्या सेवा केंद्राला दिलं होतं. काम तेच राहील, लोकांना त्रास होणार नाही, फक्त खातं बदलेल, असं आम्हाला मीटिंगमध्ये समजावलं. मग बदलायचं कशाला, हे समजावणारा त्या मीटिंगला आला नव्हता.

सेवा केंद्राकडून इंदूरकडचा एक ऑपरेटर लॅपटॉप घेऊन आला. जुन्या रजिस्टरातली नावं त्याने कॉम्प्युटरात चढवायची आणि बडेबाबूंनी शेजारी बसून खरी-खोटी सांगायची, असं ठरलं. चढेल त्याला नवं कार्ड, आणि मुदतीत जो चढला नाही, त्याचं जुनं पुस्तकाचं लायसन रद्द. पहिलंच नाव चढलं आणि बडेबाबूंनी शेऱ्यावर बोट ठेवलं.

"सर, इसका फील्ड ही नहीं है," ऑपरेटर म्हणाला.

"तो बनाओ."

"वो ऊपर से बनेगा, सर."

बडेबाबूंनी वर तीन पत्रं लिहिली. 'शेऱ्याचा रकाना ठेवण्यात यावा, अन्यथा नंबर राहील व माणूस जाईल.' उत्तर एकाचंही आलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत ते ऑपरेटरशी त्या रकान्यावरून वाद घालत आणि रोज डब्यातली अर्धी भाकरी त्यालाच देत.

मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा दापोऱ्याचा एक ड्रायव्हर आला. केळीचा ट्रक दिल्लीकडे नेणारा, पन्नाशीचा. पहिल्यांदा मी खिडकीतून हाक मारली ती त्याने ऐकलीच नाही. हातातलं पुस्तक घामाने इतकं पुसलेलं, की नंबर वाचता येईना.

"बडेबाबू, सोमवारी कार्ड नसलं तं गाडीवर बसू देत नाही म्हणे मालक," तो म्हणाला. "बावीस वरीस झाले. एक घड खरचटू दिला नाही. लायसन तं तुम्हीच दिलं व्हतं."

"रेकॉर्डला आहे का?" बडेबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. मग उतरवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. उठून मागच्या कपाटातलं एक रजिस्टर त्यांनी नेमकं काढलं आणि पान उघडलं. पानाची डावी बाजू वाळवीने खाल्ली होती. नंबर, नाव, गाव सगळं गेलं होतं. शेरा तेवढा उरला होता. मी त्यांच्या खांद्यावरून वाचला.

'उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून घडीघडी आरसा पाहतो. हात उत्तम.'

आता आली का पंचाईत. ही नोंद याच माणसाची, हे सांगणारा जगात तेवढा एक शेरा होता. आणि तोच वाचून दाखवला असता तर कानाचं प्रकरण डॉक्टरकडे गेलं असतं, तिथून आणखी कुठे, आणि तोवर ट्रकवर दुसरा बसला असता. पोटावर पाय येणार तो असा, आणि तोही त्याचं कौतुक करणाऱ्या ओळीमुळे.

ऑपरेटर ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला बसला होता. त्याने विचारलं, "नाम बोलो." ड्रायव्हर शांतपणे मागे वळून दाराकडे पाहत राहिला.

बडेबाबू उठले. स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला ठेवली. ऑपरेटरला म्हणाले, "इधर बैठिए, वहाँ पंखा नहीं लगता." मला तेव्हा त्या ऑफिसात आठ वर्षं झाली होती. बडेबाबूंनी कुणाला आपली खुर्ची दिल्याचं तोवर पाहिलं नव्हतं. या बाजूने विचारल्यावर ड्रायव्हरने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावही सांगितलं.

"लेकिन सर, ये एंट्री इसी की है, कैसे मानूँ? नाम तो है नहीं. ये मराठी में क्या लिखा है?"

बडेबाबूंनी शेऱ्यावर बोट ठेवलं. बोट ओळीच्या सुरुवातीला नव्हतं, मधे होतं.

"लिखा है, घड़ी-घड़ी आईना देखता है. हाथ उत्तम."

ऑपरेटरने मान वर केली. ड्रायव्हर तेव्हाही मागे वळून दाराकडे पाहत होता. आल्यापासून त्याचं तेच चाललं होतं. ऑपरेटर हसला. "हाँ, यही आदमी है," म्हणाला आणि त्याने नाव चढवलं. मग जरा चिडवत म्हणाला, "सर, रिमार्क का फील्ड तो अब भी नहीं है."

"रहने दो," बडेबाबू म्हणाले. "नहीं है तो नहीं है."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. बरं केलंत म्हणावं तर त्यांना लागलं असतं, आणि वाईट केलंत असं मला वाटत नव्हतं.

काम गेलं आणि चार महिन्यांनी बडेबाबूही रिटायर झाले. त्यानंतरच्या थंडीत ते गेले. राजपुऱ्यातून निघालेल्या त्यांच्या अंत्ययात्रेत निम्म्याहून जास्त माणसं अशी होती, ज्यांना त्यांनी कधीतरी नापास केलं होतं. दापोऱ्याचा तो ड्रायव्हरही होता, सगळ्यांच्या मागे, दर थोड्या वेळाने वळून रस्ता पाहत.

रजिस्टरं अजून आमच्याच मागच्या खोलीत आहेत. केंद्र घेत नाही, कारण त्यांच्याकडे सगळं कॉम्प्युटरात आहे. आम्ही टाकत नाही, कारण टाकण्याचा हुकूम नाही. परवा एक जुनी फाइल शोधताना शेवटचं रजिस्टर हाती लागलं. आमची शेवटची नोंद मला पाठ होती, पण तिच्याखाली आणखी एक ओळ होती. अक्षर बडेबाबूंचं, तारीख दापोऱ्याच्या ड्रायव्हरच्या दिवसाची. नंबर नाही. नाव त्यांचं स्वतःचं. गाव बुऱ्हाणपूर, वाहन सायकल. आणि शेरा:

'चालवता येत नाही. एकदा शेरा अर्धाच वाचला.'

मी तिथेच गठ्ठ्यावर बसले आणि रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सगळ्या जगाला रेकॉर्डला आहे का विचारणाऱ्या माणसाने आपली एक चूक तेवढी रेकॉर्डला ठेवली होती. खाली त्यांची सही होती. 'तपासले'पुढची जागा रिकामी होती.

मी पर्समधून पेन काढलं आणि सही केली.