सेफाको लगाम घेत नाही

हा-फोहला वस्तीत सेआबाताला मातीआड करून चार महिने झाले होते, तरी त्याचा विषय निघाला की लोक आधी त्याच्या घोड्याबद्दल बोलत. यात मेलेल्या माणसाचा अपमान कुणाला वाटत नसे, कारण ही सवय त्यानंच लावून ठेवली होती. ज्या घरावर ताज्या बियरचा पांढरा झेंडा लागे तिथं हा गृहस्थ हजर, आणि पहिला घोट पोटात गेला की सेफाकोचं नाव ओठांवर. सेफाको म्हणजे गारा. घोडा तसाच होता, करडा-पांढरा आणि ठेंगणा. खडकाळ उतारावरूनही तो असा सरळ, न हिसकता चालायचा की स्वाराच्या हातातलं भांडं हिंदकळू नये.

"तुमची घोडी लगाम दिसला की तोंड फिरवतात," सेआबाता म्हणायचा. "माझा सेफाको? मी लगाम उचलायचा अवकाश, आ करून उभा! तोही ऐन बर्फात!"

"मग उद्या त्यालाच पाठव बियर प्यायला," कुणीतरी म्हणे. "तोंड उघडण्यात तुझ्या वरताण दिसतोय."

सगळे हसत, आणि सेआबाता सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसे. पण तो सांगायचा ते खोटं नव्हतं. मोखोत्लोंगच्या डोंगरात त्या उंचीवर जूनमध्ये हिवाळा लागला की लोखंडाला ओला हात लावायची सोय नाही, कातडी चिकटते. तसल्या सकाळी लगामाची कडी, म्हणजे तोंडात जाते ती लोखंडी दांडी, कुठलाच घोडा सुखासुखी घेत नाही. सेफाको घ्यायचा. का घ्यायचा, हे सेआबाताची बायको मातेबेलो जाणून होती, आणि तिला वाटायचं की ते फक्त तिलाच ठाऊक आहे.

ती नवी सून होऊन आली तो हिवाळाच होता. तेव्हा घरात सेफाकोची आई होती, एक गरीब स्वभावाची घोडी. एका सकाळी नवऱ्यानं गोठलेली कडी तिच्या तोंडात सरकवली आणि मातेबेलोनं जिभेचं साल लोखंडाला चिकटून निघालेलं पाहिलं. तिच्या माहेरी वडील कडी आधी काखेत धरून ऊब देत, मगच घोड्याच्या तोंडात घालत. पण हे सांगायचं कुणाला? नव्या सुनेनं सासऱ्याचं नाव तर सोडाच, त्या नावाशी जुळणारा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही अशी रीत. तिनं नवऱ्याला घोडा शिकवायचा? सासूनं तिच्या अख्ख्या माहेराची सालटी काढली असती. म्हणून तिनं तोंड बंद ठेवलं आणि काम सुरू केलं.

उजाडायच्या आधी उठायचं. दाराजवळच्या खुंटीवरून लगाम काढायचा आणि कडी ब्लँकेटच्या आत काखेत दाबायची. पहिल्या क्षणाला जीव कळवळून जाई. मग दुसऱ्या हातानं गोवऱ्या पेटवायच्या, पापासाठी, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीसाठी, पाणी ठेवायचं, मक्याचं पीठ काढून घ्यायचं. कडी चुलीशी धरून भागत नाही, ती एकीकडे तापते, एकीकडे गार राहते, आणि एकदा जीभ भाजली की घोडा जन्मभर विसरत नाही. अंगाची ऊबच बरोबर. पाणी उकळेस्तोवर लोखंड ऊबदार होई, लगाम परत खुंटीवर जाई आणि मग ती हाक मारी, "उठा की हो, तेबेलोचे बाबा! सूर्य डोक्यावर आला!" सूर्य अजून डोंगराआडच असे.

सेफाको या ऊबदार लोखंडावरच मोठा झाला. थंड कडी म्हणजे काय, हे त्या जनावराला माहीतच नव्हतं. पुढं सासू-सासरे गेले, मुलगी तेबेलो लग्न होऊन खाली राजधानीकडे, मासेरूला गेली, बोलायला आता कुणाची आडकाठी नव्हती. पण तोवर नवऱ्याची बढाई साऱ्या खोऱ्यात पसरली होती. त्या बढाईतली हवा काढायला ती काय वैरीण होती? तो लोकांसमोर छाती फुगवी तेव्हा ही मान खाली घालून भांडी विसळत बसे आणि गालातल्या गालात हसे.

बाकी घोड्याचं सगळं मात्र सेआबाता स्वतः करी, आणि देखणं करी. गवताच्या जुडीनं अंग चोळून खरारा, सुरीच्या बोथट टोकानं टापांतले खडे काढणं, खोगिराखालच्या ब्लँकेटची घडी तळहात फिरवून पुन्हा पुन्हा तपासणं. एक सुरकुती राहिली तर संध्याकाळी पाठीवर फोड येतो, असं तो सांगे. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना सेफाको लबाडीनं पोट फुगवून ठेवायचा. सेआबाता काही बोलायचा नाही. सावकाश चिलीम भरायचा, घोड्यानं कंटाळून श्वास सोडला की झटकन तंग आणखी आवळायचा आणि म्हणायचा, "मला फसवतोस होय रे चोरा?" रविवारी मेंढीच्या चरबीनं खोगिराचं कातडं चोळत अंगणात बसायचा. आता तो आठवला की मातेबेलोला आधी तो चरबीचा आणि कातड्याचा वास आठवे, चेहरा मागून येई. त्या वासाची तिला फार सवय झाली होती.

मार्चमध्ये उन्हाळा संपता संपता छातीत दुखायचं निमित्त झालं आणि तो गेला. खोगीर आणि लगाम मेलेल्याची वस्तू म्हणून दगडी खोपटात टांगले गेले. जुलैत सुतक फिटलं, तिच्या अंगावरचं काळं कापड उतरलं आणि सेआबाताचे मामा लेतुका वाटणी करायला आले. कुणाला कोट गेला, कुणाला टोपी. मुलगा नव्हता, म्हणून घोडा आणि खोगीर धाकट्या भावाला, थेबेला.

थेबे वाईट माणूस नव्हता. त्याचा स्वतःचा घोडा पावसाळ्यात कड्यावरून घसरून मेला होता आणि तेव्हापासून तो मक्याची पोती पाठीवर घेऊन डोंगरापलीकडच्या गिरणीत जात होता. मातेबेलो "बरोबर आहे" म्हणाली. न म्हणून करते काय? पण घरात तिच्याशिवाय श्वास घेणारं तेवढंच एक उरलं होतं, आणि आता तेही चाललं होतं.

थेबेनं खोपटातून लगाम आणला. कडीवर हिवाचा पांढरा थर होता. ती ओठांना लागताच सेफाकोनं मान झटकली आणि दात असे मिटले की पहारीनंसुद्धा उघडू नयेत. थेबेनं चुचकारलं, मग हिरडीत अंगठा घातला, मग शिव्या दिल्या. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कुणाच्या लक्षात येईना. शेवटी एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई, घोडा शोक करतोय. धन्याशिवाय दुसऱ्याचा लगाम नको म्हणतोय."

झालं. दुःखात माणसाला गोष्ट हवी असते, आणि ही गोष्ट फार चांगली होती. बायका रडल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. लेतुका मामांनी मातेबेलोकडे जरा वेळ पाहिलं आणि निवाडा दिला, "थेबे, तू पुन्हा ये. तीन खेपांत त्यानं लगाम घेतला तर घोडा तुझा. नाही घेतला तर तो या घराचा. मेलेल्याची तशी इच्छा आहे असं समजू."

मातेबेलोला सगळं कळत होतं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. ती बोलली नाही.

दुसऱ्या खेपेला थेबे खिशात साखर घेऊन आला. सेफाकोनं साखर खाल्ली आणि लगामाला दात मिटले. लोक लांबून घोडा बघायला येऊ लागले. "असं प्रेम माणसंसुद्धा करत नाहीत," असं कुंपणाशी उभं राहून म्हणत. गप्प राहण्यात आता तिचा दुहेरी फायदा होता. घोडा घरात राहत होता, आणि नवऱ्याची बढाई त्याच्या मागंसुद्धा खरी ठरत होती. रोज सकाळी खरारा करताना तिला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाची लाजही वाटायची, कारण थेबेची वाकलेली पाठ तिनं पाहिली होती.

तिसऱ्या खेपेला रात्रभर बर्फ पडलं होतं. थेबे काठीला दोरीचा फास बांधून आला. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती.

"वहिनी, मला माफ करा," तो म्हणाला. "मला हे आवडत नाही. पण पोती पाठीवर वाहून माझं कंबरडं मोडलंय."

त्यानं घोड्याच्या वरच्या ओठाला फास घातला आणि काठी पिळली. वेदनेनं सेफाको गुडघ्यांवर आला आणि त्याचं तोंड उघडलं. थेबेनं गोठलेली कडी आत दाबली. घोड्यानं जीव खाऊन मान मागं ओढली, कडी बाहेर आली आणि जिभेचं साल तिच्याबरोबर आलं. बर्फावर रक्त सांडलं.

"सोड त्याला!" मातेबेलो ओरडली. "सोड म्हणते ना!"

थेबेच्या हातातून लगाम हिसकून तिनं कडीवरचं रक्त झग्याला पुसलं आणि लोखंड ब्लँकेटच्या आत काखेत घातलं. तोच जुना चटका बसला. सगळे बघत राहिले. कुणी काही विचारायच्या आत तीच बोलली.

"तुझा दादा रोज असंच करायचा. उजाडायच्या आधी उठून, कडी काखेत धरून बसायचा. मला शपथ घातली होती, कुणाला सांगू नकोस म्हणून."

"दादा?" थेबेनं आ वासला. "उजाडायच्या आधी? लहानपणी तर त्याला उठवायला पाणी ओतावं लागायचं!"

"माणूस बदलतो."

"मग आम्हाला का नाही सांगितलं त्यानं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर बढाई कशाची मारली असती?"

लोक हसले. सेआबाता होताच तसा, कुणी म्हणालं. बऱ्याच वेळानं मातेबेलोनं कडी बाहेर काढली, आपल्या गालाला लावून पाहिली आणि तळहातावर धरून सेफाकोपुढं नेली. घोड्यानं हुंगलं. दुखऱ्या जिभेमुळं जरा बिचकला, मग दात उघडून त्यानं ती घेतली.

"आज बसू नकोस, ओढून ने," ती थेबेला म्हणाली. "जीभ बरी होईपर्यंत लगाम नको, नुसता दोर लाव. ब्लँकेटची घडी हात फिरवून बघ. तंग आवळताना तो पोट फुगवतो, तेव्हा थांब आणि पुन्हा आवळ. आणि कडी तू स्वतः ऊब देऊन घाल. बायकोच्या गळ्यात मारू नकोस ते काम."

थेबे मान डोलवत होता. तो घोडा घेऊन उताराला लागला. करडा घोडा, खाली सगळं पांढरं. थोड्या वेळानं तिला फक्त थेबेचं तपकिरी ब्लँकेट दिसत राहिलं, मग तेही दिसेनासं झालं.

लोक पांगले. लेतुका मामा तेवढे आत येऊन चुलीशी बसले. मातेबेलोनं त्यांच्यासाठी पापा रटरटत ठेवला आणि पाठमोरी उभी राहून तो घोटू लागली.

"खोटं बरं बोलतेस, पोरी," मामा म्हणाले.

ती आणखी जोरानं घोटू लागली.

"कडी कोण काखेत धरायचं ते मला ठाऊक आहे. सेआबातानंच सांगितलं होतं, तेबेलो जन्मली त्या वर्षी."

"त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या हिवाळ्यापासून. ब्लँकेटमधून एक डोळा उघडा ठेवून बघत पडायचा म्हणे. मी त्याला म्हटलं, अरे गाढवा, मग तिला सांग की, चांगलं करतेस म्हणून. तर म्हणाला, मामा, बियरला बसून बायकोची तारीफ करणाऱ्या पुरुषाला लोक हसतात. म्हणून मी घोड्याची करतो."

चुलीतली गोवरी ढासळली. मातेबेलो हातातल्या लाकडी चाटूसकट मामांकडे वळली.

"मग तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरवायचं होतं. मला वाटलं, राहिला घोडा तर राहू दे तुझ्याजवळ."

"म्हणजे सगळी वर्षं ते जागे होते?" तिनं विचारलं. तिचा आवाज चढत होता. "रोज? डोळे उघडे ठेवून?"

"रोज."

"आणि एका दिवशीसुद्धा उठून चूल पेटवता आली नाही त्या माणसाला!" असं म्हणून तिनं चाटू जमिनीवर आपटला, आणि मूठमाती देतानाही रडली नव्हती इतकी मोठ्यानं रडली. मामांनी उठून भांडं चुलीवरून उतरवलं, कारण पापा खाली लागत होता.