लाइनमनकाकांचा बिनतारी आठवडा

लाइनमनकाकांनी छत्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढली. कुणाचा फोन मुका झाला की कमरेला पट्टा आणि खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन काका निघायचे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना एक नियम शिकवला गेला होता. बिघाड शोधायचा तो एक्स्चेंजकडून. मग खांब, मग पेटी, मग भिंतीतली तार, आणि सगळ्यात शेवटी माणसाच्या टेबलावरचा फोन. "दहातले नऊ बिघाड तारेत असतात," काका सांगायचे, "यंत्र बिचारं गरीब असतं." पुढे तारांचेच दिवस गेले, लोकांनी फोन खिशात घातले, काका निवृत्त झाले. नियम मात्र निवृत्त झाला नाही.

काकूंनी याच घराच्या पुढच्या खोलीत सव्वीस वर्षं पाळणाघर चालवलं. अर्ध्या गल्लीची नाकं त्यांनी पुसली होती. त्यांची स्वतःची शाळा मात्र दहावीनंतरच सुटली होती, आणि ते शल्य त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पाळणाघर बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बारावीचा फॉर्म घेऊन आल्या. काकांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. ते उतरलं नाही. काकूंनी सगळे लेखी पेपर दिले. आता फक्त बालविकास या विषयाची तोंडी परीक्षा राहिली होती. शनिवारी सकाळी अकरा वाजता, घरबसल्या, कॉम्प्युटरवर. पत्रात अटी स्वच्छ लिहिल्या होत्या : कॅमेरा असलेला कॉम्प्युटर हवा, मोबाइल चालणार नाही. खोलीत दुसरं माणूस दिसलं तर परीक्षा रद्द. आणि गैरहजर राहणारा नापास, मग पुन्हा पुढच्या वर्षी.

घरात लेकीने टाकून दिलेला अकरा वर्षांचा एक लॅपटॉप होता. तो सुरू व्हायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात चहा होऊन पिऊनही व्हायचा. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने काकांना एक पेनड्राइव्ह देऊन सांगितलं होतं, "जुनं सगळं पुसा, लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाका. फुकट आहे आणि म्हाताऱ्या मशिनला झेपतं." काकांनी रविवारी ते स्वतःच्या हाताने टाकलं. लॅपटॉप एका मिनिटात उठून बसला. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

फक्त वायफाय लागेना.

सोमवारी लेकीचा फोन आला. "बाबा, मी नवा लॅपटॉप पाठवते. गुरुवारपर्यंत येईल. आईच्या परीक्षेत धोका नको."

"काही पाठवू नकोस," काका म्हणाले. "बापाने आख्ख्या शहराचे फोन चालू ठेवले होते. एक वायफाय नाही लागणार?"

काकू पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या, "शब्द देताय खरा. शनिवार काही थांबायचा नाही."

"अगं, उद्या लागतंय बघ!"

आणि काका नियमाप्रमाणे कामाला लागले. म्हणजे लॅपटॉप मिटून ठेवला आणि राउटरच्या मागे लागले.

सोमवारी राउटर फळीवरून कपाटावर गेला. मंगळवारी सुतळीने बांधून पडद्याच्या दांडीला लटकला. तिथून तो खाली बघत हिरवे डोळे मिचकावायचा, आणि काकू त्याच्याखाली बसून अभ्यास करायच्या. बुधवारी काकांनी नेटवाल्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे." यावर काकांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. नोकरीत असताना तेही लोकांना हेच सांगत आले होते. त्यांनी शिडी घेतली आणि गच्चीपासून खिडकीपर्यंत आलेली सगळी तार हाताने चाचपून काढली. तार ठणठणीत होती.

काकूंची स्वतःची भांडणं वेगळी चालली होती, ती पुस्तकाशी. "ऐका," त्या शिडीकडे बघून म्हणाल्या, "इथे लिहिलंय, तीन वर्षांचं मूल आपली खेळणी इतरांबरोबर वाटून घेऊ लागतं. कुणी लिहिलंय हे? सव्वीस वर्षांत मला एकही भेटलं नाही. चावतात, हो!"

"परीक्षेत असं बोलू नकोस."

"परीक्षा व्हायला आधी हे चालू तर होऊ द्या." काकूंनी आपला फोन समोर धरला. त्यावर बालविकासाचं एक व्याख्यान सुरळीत चालू होतं. "माझ्या फोनला याच राउटरचं नेट मिळतंय. मग राउटरने काय घोडं मारलंय?"

"तुझा फोन वेगळा, हा लॅपटॉप वेगळा."

"तेच म्हणतेय मी. नाचता येईना, अंगण वाकडं."

काका शिडीवरून पुन्हा तार चाचपू लागले. बायको बरोबर बोलतेय हे त्यांना कळत होतं, पण छत्तीस वर्षांचा नियम तिच्या एका वाक्यावर कसा मोडायचा?

गुरुवारी सकाळी मात्र धीर सुटला. लॅपटॉप काखेत मारून ते कोपऱ्यावर गेले, तर दुकानाला कुलूप. पाटीवरच्या नंबरवर फोन लावला तेव्हा कळलं, दुरुस्तीवाला बहिणीकडे गेलाय आणि रविवारी येणार. काकांनी दुकानाच्या पायरीवर बसून, लॅपटॉप मांडीवर उघडून, तो सांगेल ती कमांडची ओळ लिहिली आणि पडद्यावर आलेलं वाचून दाखवलं.

"काका, त्या वायफायच्या कार्डाचा ड्रायव्हर नाहीये. म्हणजे कार्ड आत आहे, पण त्याच्याशी बोलायचं कसं ते लिनक्सला माहीत नाही. पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुम्ही चार दिवस काय तपासत होतात?"

"राउटर. आणि तार."

"आणि लॅपटॉप?"

"तो शेवटी," काका म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले. "बरं, तो ड्रायव्हर कुठे मिळतो?"

"नेटवरून उतरवायचा. तोही याच लॅपटॉपवर, फोनवरून जमत नाही."

"अरे, नेटच तर लागत नाही!"

"ड्रायव्हर नाही म्हणून."

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. काका पायरीवर बसून राहिले. लेकीला फोन करावा असं मनात आलं, पण आता नवा लॅपटॉप मागवला तरी तो सोमवारशिवाय येत नव्हता. पहिल्यांदाच त्यांना खरी भीती वाटली. लॅपटॉप गेला खड्ड्यात, पण काकूंची दोन वर्षं आपल्या हट्टापायी पाण्यात जाणार होती.

"काका, आहात ना? तुमच्या लॅपटॉपला डाव्या बाजूला चौकोनी भोक आहे का? जुन्यांना असतं. मग राउटरपासून सरळ वायर टाका की!"

वायर! हा शब्द ऐकताच काका तरुण झाले. घरी माळ्यावर त्यांनी उगाच जपून ठेवलेल्या तारांच्या एका खोक्यात हवी ती केबल सापडली. पडद्याच्या दांडीवरून ती खाली आली, डाव्या भोकात गेली, आणि लगेच बाहेर आली. भोकातली पकड तुटलेली होती. अंगठ्याने दाबून धरलं तर नेट यायचं, अंगठा ढिला पडला की जायचं.

"हात गुंतलाय माझा," काका ओरडले. "ये इकडे. मी सांगतो तसं टाइप कर."

काकू पुस्तक मिटून आल्या. त्यांना दोनच बोटांनी टाइप करता यायचं, पण एकही अक्षर चुकायचं नाही. फोनवर दुरुस्तीवाला सांगत होता, काका ते मोठ्याने म्हणत होते, काकू लिहीत होत्या. मग पासवर्ड मागितला गेला. काकू टाइप करू लागल्या, पण पडद्यावर काही उमटेना. ठिपका नाही, फुली नाही.

"कीबोर्ड गेला," काकांनी निदान केलं. "जोरात दाब. अजून जोरात!"

"गप्प बसा हो जरा. मुलं तोंड मिटून बसतात म्हणून काय त्यांनी घास गिळलेला नसतो?" काकूंनी काहीच न दिसता सगळा पासवर्ड शांतपणे लिहिला आणि एंटर मारलं. पडद्यावर ओळींची रांग धावू लागली.

पाऊण तास काका अंगठा दाबून उभे होते. नाक खाजवायचं झालं तरी ते काकूंना सांगावं लागलं. शेवटी लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि वरच्या कोपऱ्यात वायफायचं पंख्यासारखं छोटं चिन्ह उमटलं. काकांनी निळा पडलेला अंगठा वर करून दाखवला. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पण एवढ्यावर भागलं तर तो जुना लॅपटॉप कसला! शुक्रवारी कळलं की ते कार्ड मधूनच झोपी जातं. वीज वाचवायला म्हणून डोळा मिटतं आणि मग उठत नाही. दुरुस्तीवाल्याने फोनवर झोप बंद करायचा एक उपाय सांगितला, त्याने डुलक्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. उरलेल्या डुलक्यांसाठी त्याने दोन ओळी दिल्या. पहिलीने ड्रायव्हर काढायचा, दुसरीने परत घालायचा. शुक्रवारी दिवसभरात काकांनी त्या दोन ओळी मोठ्याने म्हणत चौदा वेळा लिहिल्या. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला काकू वाढीचे टप्पे पुटपुटत होत्या.

शनिवारी पावणेअकराला काकांनी टेबलाखाली सतरंजी अंथरली.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"मी खाली बसतो. कॅमेऱ्यात दिसणार नाही. वायफाय झोपलं तर केबल खुपसून धरीन."

"उठा."

"अगं पण—"

"परीक्षा माझी आहे. खोलीत कुणी नको म्हटलंय ना, मग कुणी नको. बाहेर व्हा."

काका सतरंजीसकट बाहेर आले आणि दाराला कान लावून उभे राहिले. अकराच्या ठोक्याला आतून एका पुरुषाचा आवाज आला. त्याने काकूंना कॅमेरा सगळ्या खोलीभर फिरवायला लावला. "टेबलाखालीही दाखवा," तो म्हणाला, आणि दाराबाहेर काकांना दरदरून घाम फुटला. "मध्ये संपर्क तुटला तर मी पाच मिनिटं थांबेन. त्यानंतर गैरहजर धरावं लागेल."

काकू बोलू लागल्या. खेळणी वाटून घेण्याचा प्रश्न आलाच. "पुस्तकात तीन वर्षं दिलंय," काकू म्हणाल्या, "तेच उत्तर हवं असेल तर मी तेच देईन. पण सर, माझा अनुभव सांगू का?" परीक्षक म्हणाला, सांगा. काकू सांगत गेल्या. कुणाचं रडणं भुकेचं, कुणाचं झोपेचं, कुणाचं नुसतं आई गेली म्हणून, आणि ते ओळखायचं कसं. काका इतकी वर्षं शेजारच्या खोलीत राहत होते, पण यातलं काहीही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. कारण कधी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही तीन प्रकारचं..." परीक्षक म्हणाला, आणि त्याचा आवाज तुटला.

आत शांतता पसरली.

काकांचा हात कडीवर गेला. दोन ओळी त्यांना तोंडपाठ होत्या, वीस सेकंदांचं काम होतं. पण तेवढ्यात आवाज परत आला आणि समोर दोन माणसं दिसली, तर सगळंच संपलं. आणि नाही गेलो तर? घड्याळात एक मिनिट गेलं. आयुष्यात समोर बिघाड दिसत असताना काका कधी हात बांधून उभे राहिले नव्हते. त्यांनी कडी इतकी घट्ट धरली की तो निळा अंगठा ठणकू लागला. परीक्षा माझी आहे, असं ती म्हणाली होती. काकांनी कडीवरचा हात काढला आणि दोन्ही हात पाठीमागे धरले.

दुसरं मिनिट गेलं. मग आतून टक, टक असा आवाज येऊ लागला. सावकाश, दोन बोटांचा. काका श्वास रोखून ऐकत राहिले. टकटक थांबली, पुन्हा सुरू झाली. हा पासवर्ड असणार. मग दुसरी ओळ. घाई नाही, चूक नाही.

"हं, आलात का?" परीक्षकाचा आवाज आला. "मी वाटच बघत होतो. काय झालं होतं?"

"काही नाही सर," काकू म्हणाल्या. "वायफायचा डोळा लागला होता, उठवलं. पाळणाघरवाली आहे मी, उठवायची सवय आहे."

परीक्षक मोठ्याने हसला. दाराबाहेर काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

वीस मिनिटांनी काकू दार उघडून बाहेर आल्या. "छान झाली," त्या म्हणाल्या, आणि काकांचा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "अहो, नापास झाल्यासारखं काय तोंड केलंय?"

काका उत्तर देणार तोच लेकीचा फोन आला. "बाबा, चाललं ना सगळं? मध्ये बंद तर नाही ना पडलं?"

"पडलं होतं."

"अरे देवा! मग दुरुस्त केलंत ना?"

असल्या प्रश्नाला काकांचं उत्तर छत्तीस वर्षं ठरलेलं होतं : 'केलं की!' त्यांनी घसा खाकरला.

"मी दाराबाहेर होतो गं," काका म्हणाले. "तुझ्या आईने केलं. एकटीने."