एका माईकभोवती चौघे

प्रिय मीरा आणि नील,

परवा पाठवलेलं गाणं ऐकून नीलने विचारलं, "आजी, हू आर दीज अंकल्स?" फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

दुबईत अल क्वोजमधल्या माझ्या स्टुडिओत चार जण चार काचेच्या केबिनमध्ये हेडफोन लावून उभे होते आणि एकही सूर जुळत नव्हता. चौघेही वसईचे, तिथल्याच एका हॉटेलात नोकरीला. पास्कल लॉन्ड्री सुपरवायझर, नेल्सन फ्रंट ऑफिसला, बाकीचे दोघे भाऊ किचनमध्ये. लॉन्ड्रीत आवाज छान घुमतो, म्हणून ड्यूटी संपली की तिथेच गायचे.

त्यांच्या गाण्याला डू-वॉप म्हणतात. अमेरिकेतल्या, वाद्यं न परवडणाऱ्या पोरांनी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून हा प्रकार रुजवला. एक जण शब्द गातो, तो लीड. म्हणजे नेल्सन. बाकीचे तोंडानेच वाद्यांचं काम करतात. सगळ्यांत खालचा आवाज बेसचा, तो पास्कलचा.

पास्कल रिटायर झाले होते. व्हिसा कॅन्सल, दुसऱ्या दिवशी वसईची वाट. ग्रुपचं रेकॉर्डिंग कधीच झालेलं नव्हतं. आज नाही तर खलास.

केबिनचा हट्ट नेल्सनचा. आवाज वेगवेगळे घेतले की बेसूर जागा नंतर कॉम्प्युटरवर सुधारता येतात. "अंकलचा आवाज आता थरथरतो, मॅडम," तो त्याच्या केबिनमधून मला हळूच म्हणाला. पण त्याचा माईक बाकीच्यांच्या हेडफोनमध्येही चालू होता. पास्कल हेडफोन काढून बाहेर आले.

"बाय, माझं राहू दे. हे तिघं गातील."

मी सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि हॉलमध्ये एकच माईक लावला. बेस जवळ, दोघे भाऊ मागे, लीड बाजूला. जुने लोक असंच रेकॉर्ड करायचे. आवाज कमी-जास्त करायचा तर पावलांनी, माईकच्या जवळ किंवा लांब सरकून. नेल्सन कुरकुरला, एक चुकला तर सगळा टेक जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, परत गाल.

घरघर नको म्हणून एसी बंद केला. स्टुडिओच्या पत्र्याच्या छपराखाली चौघे घामाने निथळले. मग पास्कलनी सवयीने नेल्सनच्या खांद्यावर हात ठेवला. गाणं उचलायची जागा आली की ते बोटाने दाबत. लॉन्ड्रीत मशीनच्या आवाजात तीच त्यांची खूण होती. केबिनमध्ये नेमकं तेच तुटलं होतं.

दोन गाणी सरळ गेली. तिसऱ्यात चुकला तो नेल्सन, बोट दाबण्याआधीच घुसला. तेवढं काढता येईल का, त्याने विचारलं. नाही, सगळे एकाच ट्रॅकवर होते. परत गाऊ म्हणाला.

"राहू दे रे," पास्कल म्हणाले. "तुझी घाई अख्ख्या वसईला माहीत हाय."

नेल्सनसुद्धा हसला. टेक तसाच ठेवला.

एका माईकवर गायलं की कोणा एकालाच सुधारता येत नाही. माझ्या धंद्यात ही अडचण समजतात.

पास्कल वसईला गेल्यावर ग्रुप मोडला. तिन्ही गाणी माझ्या हार्डडिस्कवर आहेत, आणि एक तुमच्याकडे.